कोडीवरचं पहिलं बागिन

कृष्णाबाईंच्या माहेरची विहीर दर बाळंतपणाला थोडी रुंद होत गेली. रविकिरणच्या वेळी ती नुसती चिरेबंदी होती. श्रीविद्याच्या वेळी तिला चारी बाजूंनी पायऱ्या आल्या. नातीच्या बारशाला जमलेल्या बायकांना तर कृष्णाबाईंनी सांगितलं, की त्या पायऱ्यांवर पंगत बसायची आणि वाढपी खालून वर वाढत यायचे.

एरवी बाई खोटं बोलणाऱ्यातली नव्हे. सुनेची आमटी खारट झाली तर खारट झाली म्हणून तोंडावर सांगायची आणि दोनदा मागून घ्यायची. फक्त माहेर निघालं की तिचा हात सैल सुटायचा.

त्याचं मूळ चामराजपेटेतल्या सासरी होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा घरात मोठी जाऊ धारवाडची, मधली गुलबर्ग्याची. एकीच्या माहेरी पेढ्यांचं दुकान, दुसरीच्या माहेरी तुरीचे डोंगर. कृष्णाबाईंचं माहेर होसकोट्याच्या पुढचं, कोलारच्या अंगाला, हमरस्ता सोडून आत वळल्यावर लागणारं नेरळेकट्टे. तळं, पडका मातीचा कोट, ओळीने वीरगळ आणि कमी बोलणारे वडील. पहिल्या आठवड्यातच त्यांच्या ध्यानात आलं, की माहेर नुसतं असून भागत नाही, ते सांगावं लागतं. मग त्यांनी सांगायला घेतलं. शहाजीराजांच्या वेळेपासूनचं आमचं घर. गावाच्या वेशीतून दोन हत्ती जोडीने आत यायचे. घराचं जोतं पुरुषभर उंच, दाराला सात पायऱ्या, घोडे बांधायला भिंतीत दगडी कड्या. आणि सगळ्यावर कळस म्हणजे तळ्याचा मान. तळं भरून वाहू लागलं, की त्याला पहिलं बागिन आमच्या घरच्या मुलीचं. हळदकुंकू, बांगड्या, धान्य घातलेली सुपांची जोडी पाण्याला दिली, की मगच पाणी पुढे सरकायचं.

जावा गप्प झाल्या. पेढे आणि तुरी कुणाकडेही असतात. पाण्याचा मान कुणाकडे होता?

ऐकणाऱ्यांतलं कुणी नेरळेकट्ट्याला गेलं नाही. कृष्णाबाई दहा वर्षांच्या असतानाच शाळेसाठी बेंगळूरला काकांकडे आल्या होत्या. पुढे वडील गेले, भावाने घर आणि जमीन विकली आणि तो मैसूरला राहायला गेला. त्यालाही आता तीस वर्षं होऊन गेली. नवरा वासुदेवराव कारखान्यात कारकून होते. त्यांना रविवारी झोप प्यारी. अशा रीतीने ते माहेर कुणाची नजर न लागता वाढत राहिलं. वासुदेवराव निवृत्त झाले, मुलाने सर्जापूर रोडला बाराव्या मजल्यावर घर घेतलं, म्हातारा-म्हातारी तिकडे राहायला गेली. तीन महिन्यांत कृष्णाबाईंनी इमारत ताब्यात घेतली. भाजीची गाडी गेटच्या आत आली. दारावरच्या बिहारी रखवालदाराला चकली आवडू लागली. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मुलींना नेरळेकट्ट्याच्या विहिरीची खोली कळली.

आणि मग ऑक्टोबरात विहीणबाई आल्या.

विमलाताई म्हणजे सून नयनाची आई. पुण्याच्या, कोथरूडच्या, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. समोरच्याचं वाक्य संपलं, की त्याला मनातल्या मनात गुण द्यायची त्यांची सवय गेली नव्हती. त्या आल्या त्याच आठवड्यात पावसाने सर्जापूर रोड धुऊन काढला. इमारतीच्या तळघरात गाड्यांच्या खिडक्यांपर्यंत पाणी आलं. पंप लावून उपसायला दोन दिवस लागले. विमलाताई गॅलरीतून खाली बघत होत्या.

"एवढं मोठं नाव लिहिलंय गेटवर," त्या म्हणाल्या, "आणि घर घेतलंय नाल्यात. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत पाणी साचत नाही हो."

"येतच नाही तर साचणार कुठून?" कृष्णाबाई डोसा उलटत म्हणाल्या. "टँकरचं पाणी साचतं का कधी?"

नयना हसली आणि दोघींनी तिच्याकडे पाहिल्यावर खोकली.

"तसं नव्हे विमलाताई," कृष्णाबाईंनी डोसा त्यांच्या ताटात टाकला. "पाण्याशी वागायची एक रीत असते. ती आमच्या गावाला ठाऊक होती. तळं भरून वाहिलं, की माझ्या हातचं बागिन घेतल्याशिवाय पाणी पुढे सरकायचं नाही."

"तुमच्या हातचं? तुम्ही दिलंय?"

कृष्णाबाईंनी दिलं नव्हतं. त्या सात वर्षांच्या असताना तळं एकदाच भरून वाहिलं होतं. बागिन दिलं आत्याने. कृष्णाबाईंनी सुपाची दुसरी कड धरली होती, तीही काठ ओला होता म्हणून पाटावर उभं राहून. पण तवा तापलेला होता, समोर विहीणबाई होत्या.

"दिलंय म्हणजे?" त्या म्हणाल्या. "मग कुणी द्यायचं?"

हे इथेच संपलं असतं. पण दोन दिवसांनी नयना मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली. "अम्मा, हे तुमचंच गाव ना? नेरळेकट्टे. तळं भरून वाहतंय! कुणीतरी व्हिडिओ टाकलाय."

विमलाताईंनी चष्मा लावला. तपकिरी पाण्याचा एक लांबच लांब पट्टा, मागे नीलगिरीची झाडं.

"अरे वा," त्या म्हणाल्या. "मग जायलाच हवं तुम्हाला. तिथे सगळे खोळंबले असतील. आम्हीही येतो. बघू या तरी पाणी कसं सरकतं ते."

कृष्णाबाई म्हणाल्या, "सरी, ठरलं. रविवारी जाऊ." आणि मारतहळ्ळीच्या बुरुडाकडून दोन नवी सुपं आणायला वासुदेवरावांना पिटाळलं. सुपं आली, त्यांना हळद लावून वाळत टाकली. हात नेहमीसारखे चालत होते. पण नयनाने पाहिलं, की सासूबाई आज भाजीवाल्याशी भांडल्या नाहीत. गावात आता आपल्याला ओळखणारं कोण उरलंय, हे कृष्णाबाईंना ठाऊक नव्हतं. त्या तळ्याच्या काठावर विहिणीच्या देखत कुणी नुसतं 'तुम्ही कोण?' असं विचारलं, तरी चाळीस वर्षांचं माहेर एका प्रश्नात वाहून जाणार होतं. आणि विमलाताई ते पुण्याला घेऊन जाणार होत्या.

रविवारी सकाळी नयनाने गाडी काढली. रविकिरणला ऑफिसचं काम होतं, वासुदेवरावांना झोप. होसकोट्याची गोदामं मागे पडली, मग द्राक्षांचे मांडव, मग जाळीखालची ढोबळी मिरची, मग लालभडक माती आणि कापणीला आलेली नाचणी. गाव आलं तसं कृष्णाबाई म्हणाल्या, "गाडी इथेच लाव. आमच्या गावात माणूस वेशीतून चालत शिरतो."

वेस होती. दगडी, दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांचे कट्टे. एका कट्ट्यावर तीन स्कूटर उभ्या होत्या, दुसऱ्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक. विमलाताई कमानीखाली उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि मान तिरकी केली.

"दोन हत्ती म्हणाला होतात ना?"

"हो."

"जोडीने?"

"प्रेमाने राहायचे," कृष्णाबाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

आतला रस्ता सिमेंटचा झाला होता. जुन्या उतरत्या कौलांच्या मधूनमधून जांभळ्या आणि पोपटी रंगाची दुमजली घरं उगवली होती. होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली वीरगळ मात्र जागच्या जागी होते. गुडघाभर गवतात, ढाल-तलवार घेतलेले, कपाळाला ताजं कुंकू लावलेले पाच दगड. विमलाताईंनी तिथे खरोखर कौतुकाने फोटो काढले. कृष्णाबाईंच्या जिवात थोडा जीव आला. आपल्या लहानपणी त्यांच्यावर गोधड्या वाळत घालायचे, हे त्यांनी सांगितलं नाही.

पुढे दुकान होतं. कृष्णाबाईंनी कानडीत विचारलं, "मराठ्यांचं घर कुठे होतं रे इथलं?"

दुकानदार तिशीतला. त्याने चिप्सच्या माळा बाजूला सारून पाहिलं. "मराठ्यांचं? तसं इथे कुणी नाही, अम्मा. होसकोट्यात विचारा."

विमलाताईंना कानडी येत नव्हती, पण दुकानदाराची हलणारी मान त्यांना कळली. त्या नुसत्या पदर सारखा करत राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नवीन आहे बिचारा," कृष्णाबाई म्हणाल्या. "चला, देवळात. तिथे सगळं ठाऊक असतं."

देवळात पुजारी मोटरसायकल पुसत होता. त्रिविक्रम त्याचं नाव. होसकोट्याला राहायचा आणि रोज सकाळी तीन गावांच्या तीन देवळांत पूजा उरकायचा. मोडकं मराठी त्याला येत होतं. कृष्णाबाईंच्या पिशवीतली सुपं बघून तो गडबडला.

"बागिन? आज नको अम्मा. मंगळवारी आहे कार्यक्रम. आमदार येणार, मांडव घालायचाय, बँड सांगितलाय. पहिलं बागिन त्यांच्या हातून. कमिटीने ठरवलंय."

मग विमलाताईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "म्हणजे यंदा तुमच्या घरची मुलगी आमदार?"

नयना म्हणाली, "आई!"

"विचारलं गं नुसतं."

कृष्णाबाईंनी देवीला हात जोडले. जरा जास्तच वेळ जोडले. परत फिरायला सबब हवी तेवढी होती. ऊन होतं, गुडघा होता, नयनाला दुपारी लेकीला, अनुषाला, चित्रकलेच्या वर्गाला सोडायचं होतं. हात खाली घेऊन त्या म्हणाल्या, "तळं बघायला तर कुणाची परवानगी लागत नाही ना? चला."

तळ्याचा बांध देवळामागून सुरू होत होता. चढ चढून वर आल्या आणि तिघी तिथेच थांबल्या. डावीकडे क्षितिजापर्यंत पाणी. बुडालेल्या बाभळींचे नुसते शेंडे, त्यांवर बगळे. उजवीकडे खाली, पाण्याच्या पातळीच्याही खाली, अख्खं गाव. बांधावरून चालताना वारा साडीत शिरत होता. विमलाताईंनी पायातले बूट काढून हातात घेतले.

"हे मात्र," त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत त्यापेक्षा मोठं आहे हो."

चाळीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. कृष्णाबाईंना आनंद व्हायला हवा होता, पण त्यांचं लक्ष पुढे होतं. बांध जिथे संपत होता तिथे माणसं गोळा झाली होती. तीच कोडी. तळं काठोकाठ भरलं, की जादा पाणी बाहेर पडायला बांधाच्या टोकाला ठेवलेली बुटकी दगडी भिंत. पाणी तिच्यावरून वाहून खालच्या ओढ्यात जायचं असतं. पण कोडीच्या तोंडाशी जलपर्णीचा गालिचा येऊन अडकला होता. त्यात बाटल्या, थर्मोकोल, एक तुटकी खुर्ची. पाणी कोडीवरून जायचं सोडून कडेने फुटत होतं आणि खालच्या गुलाबाच्या शेतातून चार-पाच घरांच्या दिशेने निघालं होतं. दहा-बारा पुरुष कोयते आणि दोर घेऊन उभे होते. काम मात्र कुणी करत नव्हतं.

"हे उभे का?" नयनाने विचारलं.

एका बाईने त्राग्याने उत्तर दिलं. कृष्णाबाईंनी ते मराठीत सांगितलं. "बागिन झाल्याशिवाय कोडीला लोखंड लावायचं नाही, अशी रीत आहे. आणि बागिन मंगळवारी. हिची चूल कालपासून ओली आहे."

गर्दीतून एक उंच म्हातारा पुढे आला. पांढरी लुंगी, मनगटावर मोठं घड्याळ. गुलाबाचं शेत त्याचंच होतं. देवाप्पा म्हणतात मला, तो म्हणाला. आणि मग तो प्रश्न आला, ज्याच्यासाठी कृष्णाबाई चार दिवस नीट झोपल्या नव्हत्या.

"तुम्ही कोण म्हणायच्या, अम्मा?"

विमलाताईंना तेवढं कानडी आपोआप कळलं. त्या पुढे सरकल्या.

"मराठ्यांच्या घरची," कृष्णाबाई म्हणाल्या. आवाज खणखणीत लावला होता. "वेंकटरायांची मुलगी. कृष्णी."

देवाप्पाने डोळे बारीक केले. मग त्याने मांडीवर थाप मारली. "कोडीवरच्या घरची! अक्का, तुझ्या आत्याने बागिन दिलं तेव्हा मी त्या जांभळाच्या झाडावर होतो. तू पाटावर उभी होतीस. पाट पण वाहून गेला होता नंतर."

त्रिविक्रमही मोटरसायकल ढकलत येऊन पोचला होता. देवाप्पा जोरजोरात बोलत होता आणि त्रिविक्रम आपल्या मोडक्या मराठीत विमलाताईंना सगळं सांगत होता. कृष्णाबाईंना थांबवायला वेळच मिळाला नाही.

"कोडीवरचं घर म्हणजे?" विमलाताईंनी विचारलं.

देवाप्पाने बोट दाखवलं. कोडीच्या बरोबर खाली, ओढ्याच्या तोंडाशी, गुलाबाच्या वाफ्यांमधून दगडी पायऱ्या वर चढत होत्या आणि हवेत संपत होत्या. सात पायऱ्या. वर घर नव्हतं, पाण्यात उभं असलेलं नुसतं जोतं होतं. कोपऱ्यावर उरलेल्या भिंतीत एक दगडी कडी.

"आमचे म्हातारे हसून सांगायचे," देवाप्पा म्हणाला. "ह्यांचे लोक आले तेव्हा गावात इतकी सपाट, मोकळी, तळ्याकाठची जागा दुसरी नव्हती. बघताच पसंत पडली. मोकळी का आहे ते कुणी विचारलं नाही. गावानेही सांगितलं नाही. घोड्यावरून आलेल्या माणसाला जागा वाईट आहे म्हणून कोण सांगतो? पहिल्या मोठ्या पावसात तळं भरलं आणि सगळं पाणी ह्यांच्या दारात. मग जोतं चढवलं. पुढच्या खेपेला आणखी चढवलं. गुरं वाहून जाऊ नयेत म्हणून भिंतीत कड्या बसवल्या."

"गुरं," विमलाताई म्हणाल्या. "घोडे नव्हे."

"गावाला वाईट वाटलं असणार. म्हणून ठरलं, पाणी पहिलं ज्यांच्या उंबऱ्याला लागतं, पहिलं बागिन त्यांच्या मुलीचं."

त्रिविक्रमचं भाषांतर संपलं. विमलाताईंनी एकदा जोत्याकडे पाहिलं, एकदा कृष्णाबाईंकडे. आणि त्या हसू लागल्या. हसता हसता बांधावरच्या दगडावर बसल्या. डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढावा लागला.

"म्हणजे कृष्णाबाई," त्या कशाबशा म्हणाल्या, "नाल्यात घर घ्यायची परंपरा शहाजीराजांपासूनची आहे तुमच्याकडे! आमच्या जावईबापूंना उगीच बोलले मी."

सासूबाई आता काय करतील हे नयनाला सांगता येईना.

कृष्णाबाई त्या पायऱ्यांकडे बघत होत्या. सात पायऱ्या त्यांनी आयुष्यभर वरून मोजल्या होत्या, ओटीवर बसलेल्या मुलीसारख्या. आज पहिल्यांदा त्या पाण्याच्या बाजूने दिसत होत्या. एकेक पायरी म्हणजे एकेक पाऊस. आणि आत्याचे शब्द त्यांना आठवले. आत्याने सूप पाण्यावर धरून जे म्हटलं होतं ते त्यांना कुठल्याशा जुन्या पूजेचं वाटायचं, त्या कधीकधी ते अंगाईसारखं म्हणायच्या. 'ये बाई, बस. चूल तेवढी सोडून बस. आणि पुढे हो.' पूजाबिजा काही नव्हती. घरातल्या बाईने दारात आलेल्या पाण्याची केलेली मनधरणी होती ती.

त्या वळल्या.

"आहेच परंपरा," त्या विमलाताईंना म्हणाल्या. "तीनशे वर्षं पाण्यात उभे होतो. विकून गेलो, पण वाहून नाही गेलो. पुण्यातलं असं एक घर दाखवा, मग हसा." आणि त्यांनी पिशवीतून सुपं काढली. "देवाप्पा, कोडीवर उतरायला हात दे."

त्रिविक्रम मध्ये आला. "अम्मा, कमिटी मला बोलेल. मंगळवारी आमदार..."

"आमदाराला दुसरं द्यायला सांग. त्याच्या चुलीत पाणी गेलंय का?" त्या कानडीत म्हणाल्या, मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पहिलं बागिन कोडीवरच्या घराचं. रीत कुणी मोडली असेल तर सांगा, मी परत जाते."

बायकांत कुजबुज झाली. ओल्या चुलीची बाई सगळ्यांत आधी म्हणाली, "बरोबर आहे." मग दुसरी म्हणाली. पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. रीत मोडायची कुणाची तयारी नव्हती, पण ज्या घरची रीत त्या घरचीच मुलगी समोर उभी होती. त्रिविक्रमने मोटरसायकल स्टँडवर लावली. "मंत्र म्हणू का?" त्याने विचारलं.

"म्हण की. कुणी नको म्हटलंय?"

कोडीच्या कडेला घोटाभर पाणी होतं. कृष्णाबाई उतरल्या. एका सुपात हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, लाकडी फणी, खण, पाच धान्यं, गूळ, नारळ. दुसरं सूप त्यावर पालथं. सूप दोघींनी धरायचं असतं. त्यांनी मागे वळून पाहिलं. नयना पुढे झाली, पण कृष्णाबाईंनी मान हलवली.

"विमलाताई, या. कड धरा."

"मी? अहो, मी कोण इथली?"

"मीही सात वर्षांची होते, मला तरी काय कळत होतं? धरा. घसरतं आहे, बेताने."

मुख्याध्यापिकाबाई बूट नयनाकडे देऊन, साडी खोचून पाण्यात उतरल्या. पाणी गार होतं आणि पायाखालून ओढत होतं. त्यांनी सूप घट्ट धरलं. त्रिविक्रमने मंत्र म्हटले. ते संपल्यावर कृष्णाबाईंनी सूप पाण्याला टेकवलं आणि हळू, पण बाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ये बाई, बस. चूल तेवढी सोडून बस. आणि पुढे हो."

विमलाताईंनी चमकून पाहिलं. हे मराठी होतं. आजूबाजूच्या बायकांनी ते शब्द कळत नसतानाही हात जोडले होते. त्या थोड्या वाकल्या आणि कृष्णाबाईंच्या कानाशी म्हणाल्या, "आमच्या तळघरासाठीही सांगा."

"सांगितलंय," कृष्णाबाई म्हणाल्या. "हात सोडा आता."

सूप सुटलं, एक गिरकी घेऊन जलपर्णीला टेकलं आणि थांबलं. देवाप्पाने हाक दिली. कोयते चालू झाले, दोर पडले, चौघांनी मिळून ती तुटकी खुर्ची ओढली आणि तिच्यामागोमाग हिरव्या गालिचाचा केवढा तरी तुकडा सुटा झाला. आधी काहीच झालं नाही. मग कोडीच्या भिंतीवरून पाण्याची एक पातळ पट्टी पलीकडे गेली. ती जाड झाली. मग आवाज सुरू झाला आणि सूप, बांगड्या, नारळ सगळं त्या धारेवरून पलीकडे ओढ्यात गेलं. गुलाबांच्या वाफ्यांतलं पाणी हलायला लागलं, कडेने फुटलेली धार बारीक झाली. जोत्याच्या सर्वांत खालच्या पायरीचा काठ ओला आणि काळा, पाण्याबाहेर दिसला.

देवाप्पाच्या सुनेने तिघींच्या ओट्या गुलाबांनी भरल्या. नाचणीच्या उकडीचे गोळे, म्हणजे मुद्दे, आणि पातळ आमटीसारखं सारू खाऊनच जा म्हणून हट्ट धरला. विमलाताईंनी मुद्दा चावायचा नसतो, गिळायचा असतो, हे शिकून घेतलं आणि दोन खाल्ले. परतताना वेशीपाशी त्या पुन्हा थांबल्या, पण हात पसरून मापं काढली नाहीत.

सोमवारी सकाळी इमारतीच्या सेक्रेटरीला इंटरकॉमवर फोन गेला. या जागेवर आधी काय होतं आणि आपल्या भिंतीबाहेरचा नाला कुठे तुंबलाय, हे कृष्णाबाईंना आजच्या आज बघायचं होतं. दहा वाजता माणूस पाठवतो, असं त्याने कबूल केलं. कृष्णाबाई डोशांचं पीठ ढवळत होत्या. गॅलरीत विमलाताई पुण्याला बहिणीशी फोनवर बोलत होत्या. आवाज मुख्याध्यापिकेचा, त्यामुळे सगळं आत ऐकू येत होतं.

"अगं, माझ्या डोळ्यांदेखत. हिने सूप सोडलं आणि पाणी सरकलं. तीनशे वर्षांचा मान आहे त्यांचा. आमदाराला मंगळवारवर ढकललं हिने. गाव केवढं जुनं! आणि वेस म्हणशील ना, तर एवढी रुंद..." फोनवरून काहीतरी प्रश्न आला असावा. विमलाताई क्षणभर थांबल्या.

नयनाने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंचा डाव पिठातच थांबला होता.

"दोन हत्ती," विमलाताई म्हणाल्या. "जोडीने. मी स्वतः बघून आले."

कृष्णाबाईंनी तव्यावर पाणी शिंपडलं. ते तडतडलं, तसा त्यांनी विहीणबाईंसाठी पहिला डोसा घातला.